जोड टिकला, शेजार तुटला

२०१८च्या जानेवारीत मी एक सेकंडहँड सायकल घेतली. मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो, खिशात पैसे नव्हते आणि कात्रजचा घाट चढायची हौस होती. फ्रेम ॲल्युमिनियमची होती, एका हाताने उचलता येईल इतकी हलकी. महिन्याभरात तिच्या खालच्या नळीवर, पॅडलच्या जरा वर, केसाएवढी चीर दिसली.

माझ्या मामाची भोसरीला फॅब्रिकेशनची शेड होती. ग्रिल, रेलिंग, कंपन्यांसाठी ट्रॉल्या, आणि अधूनमधून आर्गॉन वेल्डिंगची नाजूक कामं. सायकल पाहून मामा लगेच तयार झाले नाहीत.

"लोखंड तापलं की सांगतं," ते म्हणाले. "आधी लाल होतं, मग केशरी. आपल्याला कळतं, आता थांबायचं. हे बेणं काही सांगत नाही. बघता बघता खाली बसतं."

पण भाचा मागे लागला होता. मामांनी स्टीलच्या ब्रशने नळी घासली, ॲसिटोनने पुसली, चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडलं, आणि मग अशी काही बीड ओढली की मी तिचा फोटो काढून ठेवला. एकावर एक तिरकी ठेवलेली नाणी दिसावीत तशी.

एप्रिलमध्ये कात्रजच्या उतारावर ती फ्रेम तुटली. मला हाताला सहा टाके पडले. घरी सगळे म्हणाले, मामाचं वेल्डिंग सुटलं. मीही म्हणालो, तेही मामांच्या समोर. ते काही बोलले नाहीत. तुटलेली फ्रेम तेवढी त्यांनी ठेवून घेतली.

फ्रेम वेल्डवर तुटलीच नव्हती, हे मला तेव्हाही दिसत होतं. ती तुटली होती वेल्डच्या बाजूला, अंगठ्याएवढ्या अंतरावर. बीड शाबूत होती. पण जे दिसत होतं त्याचा अर्थ लावायची मी तसदी घेतली नाही. पुढे मी आयटीत गेलो, मेकॅनिकलची पुस्तकं माळ्यावर गेली. आता सात-आठ वर्षांनी, त्या अंगठ्याएवढ्या अंतराची गोष्ट मला नीट समजून घ्यावीशी वाटली. ती निघाली जवळजवळ सव्वाशे वर्षांची.

दोन बावीस वर्षांची पोरं

१८८४च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर धातूचा एक छोटा पिरॅमिड बसवला गेला. वजन तीन किलोहून थोडं कमी. तो ॲल्युमिनियमचा होता, आणि त्या काळी ॲल्युमिनियम ही मिरवण्याची वस्तू होती. जमिनीत हा धातू मुबलक आहे, पण ऑक्सिजनला तो इतका घट्ट धरून बसतो की त्याला सोडवणं महाग पडायचं.

दोनच वर्षांत चित्र पालटलं. १८८६मध्ये अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोघांनी, एकमेकांचा पत्ता नसताना, विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम वेगळं करायची तीच पद्धत शोधली. दोघंही तेव्हा विशीच्या सुरुवातीला होते. आज जगातलं जवळपास सगळं नवं ॲल्युमिनियम त्याच पद्धतीने बनतं.

पण ऑक्सिजनचं हे प्रेम संपत नाही. ॲल्युमिनियमचा नवा कापलेला पृष्ठभाग हवेत उघडा पडला, की क्षणात त्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो. एरवी हा थर कवचच आहे, त्यामुळेच ॲल्युमिनियम लोखंडासारखं गंजून झडत नाही. वेल्डिंगच्या वेळी मात्र तोच वैरी होतो. ॲल्युमिनियम वितळतं ६६० अंश सेल्सिअसला, तर त्याच्यावरची ऑक्साइडची साय वितळते दोन हजार अंशांच्या वर. म्हणजे आतला धातू पाणी झाला तरी वरची कातडी तशीच. दोन तुकडे वितळून शेजारी शेजारी उभे राहतात, पण कातडीमुळे एकमेकांत मिसळत नाहीत.

मामांचा "हे सांगत नाही" हा मुद्दाही इथलाच. पोलाद वितळण्याच्या कितीतरी आधी लाल होऊन चमकायला लागतं. ॲल्युमिनियम इतक्या कमी तापमानाला वितळतं आणि प्रकाश इतका कमी फेकतं, की शेडच्या उजेडात डोळ्यांना रंगबदल दिसतच नाही. शिवाय ते साध्या पोलादाच्या तिप्पट-चौपट वेगाने उष्णता पळवतं. त्यामुळे सुरुवातीला जोडाजवळ धातू तापतच नाही, आणि तापला की एकदम सगळाच बसतो.

शनिवार ते सोमवार

शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असतं. पातेल्याला चालतं, विमानाला चालत नाही. त्याला बळ आणण्याची युक्ती सापडली ती आल्फ्रेड विल्म या जर्मन धातुशास्त्रज्ञाला, बर्लिनजवळच्या नॉयबाबेल्सबर्गमध्ये, १९०६च्या सुमारास. लष्कराला काडतुसांसाठी पितळेच्या जागी हलकं काहीतरी हवं होतं. पोलाद तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं, मग ॲल्युमिनियमही होईल, असा विल्मचा कयास. त्याने सुमारे चार टक्के तांबं आणि थोडं मॅग्नेशियम घातलेला मिश्रधातू तापवला आणि पाण्यात बुडवला. तो कडक झाला नाही.

पुढची गोष्ट अशी सांगतात, की चाचणी शनिवारची होती आणि उरलेली मोजमापं सोमवारवर गेली. सोमवारी तोच तुकडा मोजला तर तो बराच कडक झालेला. मधल्या काळात कोणी त्याला हात लावला नव्हता. तो नुसता पडून होता.

ज्याच्या घरात लोणच्याची बरणी आहे त्याला हे समजावून सांगायला नको. धातू मुरला होता.

पण मुरला म्हणजे नेमकं काय झालं, हे विल्मला शेवटपर्यंत कळलं नाही. ड्यूरेनर मेटालवेर्के या कंपनीने तो धातू बाजारात आणला, त्याचं नाव ड्यूरालुमिन पडलं आणि पहिल्या महायुद्धातल्या झेपलिनांचे सांगाडे त्यातून उभे राहिले. विल्म मात्र पुढे धातुशास्त्र सोडून शेती करायला गेला. १९१९मध्ये अमेरिकेत पॉल मेरिका आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कारण सुचवलं. तापवल्यावर तांबं ॲल्युमिनियममध्ये विरघळतं. एकदम थंड केलं की ते तसंच अडकून राहतं. आणि मग हळूहळू, घन धातूच्या आतल्या आत, त्याचे अतिसूक्ष्म कण जमू लागतात. १९३८मध्ये फ्रान्समध्ये आंद्रे गिनिए आणि ब्रिटनमध्ये जॉर्ज प्रेस्टन यांनी, पुन्हा एकमेकांपासून स्वतंत्रपणे, क्ष-किरणांनी ते समूह पकडले. तांब्याच्या अणूंच्या या चकत्या एखाद्या अणूएवढ्याच जाड होत्या.

धातू वाकतो तेव्हा त्याच्या आतले अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात. हे कण त्या सरकण्याच्या वाटेत खुंट्या ठोकल्यासारखे उभे राहतात. फार बारीक असतील तर थर त्यांना कापून जातात, फार मोठे आणि विरळ झाले तर वळसा घालून जातात. बळ टिकतं ते नेमक्या आकाराला, नेमक्या दाटीला. म्हणजे उच्च बळाच्या ॲल्युमिनियमचं सगळं बळ त्याच्या घटकांत नसून त्याच्या उष्णतेच्या इतिहासात आहे. किती तापवलं, किती वेगाने थंड केलं, किती वेळ मुरवलं.

आणि वेल्डिंग म्हणजे तो इतिहास पुसणं.

फ्रिजमधले रिव्हेट

विमान बनवणाऱ्यांना हे फार लवकर कळलं. म्हणून त्यांनी धातू वितळवण्याचा नादच सोडला आणि भोकं पाडून रिव्हेट ठोकले. विमानात खिडकीची सीट मिळाली तर पंखाकडे बघा. ठिपक्यांच्या त्या रांगा म्हणजे विल्मच्या सोमवारची किंमत आहे. बोइंग स्वतःच सांगते की ७४७-४०० विमानात साठ लाख भाग असतात आणि त्यांतले निम्मे रिव्हेट, बोल्ट अशा जोडणाऱ्या वस्तूच असतात.

रिव्हेटचीही गंमत आहे. मजबूत जोडासाठी तोही मुरणाऱ्या मिश्रधातूचाच हवा, पण मुरलेला रिव्हेट ठोकायला गेलं तर चिरतो. मग तापवून, पाण्यात बुडवून, मऊ असतानाच त्यांना बर्फासारख्या थंडीत ठेवायचं, कारण थंडीत मुरणं जवळजवळ थांबतं. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या कारखान्यांत असे 'आइसबॉक्स रिव्हेट' वापरात होते. बाहेर काढले की थोड्याच वेळात ठोकायचे. त्यानंतर ते विमानाच्या अंगात बसून आपोआप कडक होत.

त्याच काळात जपानमध्ये सुमितोमो कंपनीच्या इसामु इगाराशी यांनी १९३६मध्ये जस्त आणि मॅग्नेशियम घातलेला आणखी कडक मिश्रधातू तयार केला. मित्सुबिशीच्या झीरो विमानाच्या पंखातला मुख्य आधार त्याचा होता. अमेरिकेत अल्कोआने १९४३मध्ये त्याच कुळातला ७५एस आणला. त्यालाच आज आपण ७०७५ म्हणतो. त्याची ताणशक्ती साधारण ५७० मेगापास्कल असते. साध्या बांधकामी पोलादाहून हे जास्त, आणि वजन त्याच्या जेमतेम एक तृतीयांश. २०१४मध्ये आयफोन ६ खिशात वाकतो म्हणून बोंब झाली आणि पुढच्या वर्षीच्या ६एसला ॲपलने ७००० मालिकेचं ॲल्युमिनियम वापरलं. तेच हे कुळ. त्याच्या पाठीशी युद्धकाळातली विमानं आहेत.

पण रिव्हेट काही फुकटचे नाहीत. वजन वाढतं, वेळ जातो आणि प्रत्येक भोक ही चीर सुरू होण्याची हक्काची जागा असते. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या ७३७ विमानाच्या छताचा मोठा तुकडा हवेतच उडून गेला. रिव्हेटच्या भोकांपाशी सुरू झालेल्या बारीक चिरा एकमेकींना जाऊन मिळाल्या होत्या. वैमानिकांनी तशा अवस्थेत विमान उतरवलं, पण एक हवाई सेविका परत आली नाही.

आर्गॉन आला, तरी भागलं नाही

मामांच्या हातातली टॉर्च हीसुद्धा विमानांचीच देणगी. कॅलिफोर्नियातल्या नॉर्थ्रॉप कंपनीला मॅग्नेशियमचं विमान करायचं होतं, आणि मॅग्नेशियम हवेत पेट घेतं. तिथल्या रसेल मेरेडिथने १९४१च्या सुमारास टंगस्टनच्या न वितळणाऱ्या टोकाभोवती हीलियम वायूचं पांघरूण घातलं आणि त्याच्या आडोशाने वेल्डिंग केलं. त्याने नाव दिलं हेलिआर्क. पुढे हीलियमसोबत आर्गॉनही आला आणि आपल्याकडे या पद्धतीचं नाव आर्गॉन वेल्डिंगच पडलं.

ऑक्साइडच्या सायीवर उपाय निघाला एसी करंटचा. करंट उलटसुलट फिरतो. एका अर्ध्या फेरीत इलेक्ट्रॉन कामाच्या तुकड्यातून बाहेर उसळतात आणि साय फुटते, दुसऱ्या अर्ध्या फेरीत उष्णता आत जाते. मामांच्या मशीनचा 'झर्रर' आवाज म्हणजे सेकंदाला कित्येक वेळा होणारी ही साफसफाई.

कातडीचा प्रश्न असा सुटला. आतले तीन उरले.

पहिला, बुडबुडे. वितळलेलं ॲल्युमिनियम हायड्रोजन पिऊन घेतं. घट्ट होताना त्याची हायड्रोजन धरून ठेवायची ताकद साधारण विसाव्या हिश्शावर येते. उरलेला वायू जाणार कुठे? जोडात भोकं होऊन बसतो. हायड्रोजन येतो ओलाव्यातून, तेलाच्या डागातून, घामट बोटातून. म्हणून मामांचं ते घासणं आणि पुसणं.

दुसरा, गरम असतानाच पडणाऱ्या चिरा. शुद्ध धातू एका ठरावीक तापमानाला गोठतो. मिश्रधातू गोठतो टप्प्याटप्प्याने. ७०७५चं गोठणं सुमारे ६३५ अंशांना सुरू होतं आणि ४७७ अंशांपर्यंत चालतं. या मधल्या काळात त्याची अवस्था बर्फाच्या गोळ्यासारखी असते. घट्ट कण आणि त्यांच्यामध्ये पातळ पाक. गोठताना ॲल्युमिनियम सुमारे सहा टक्के आक्रसतं, म्हणजे चारी बाजूंनी गोळा ओढला जातो. कणांमधला पाक जिथे पुरत नाही तिथे फट पडते. ७०७५च्या पाकात तांबं असतं, त्यामुळे तो फार उशिरापर्यंत पातळ राहतो. म्हणूनच वर्षानुवर्षं पाठ्यपुस्तकांत या मिश्रधातूपुढे 'वेल्डिंगला अयोग्य' असा शेरा दिसतो.

आणि तिसरा, माझ्या सायकलचा. तिची फ्रेम बहुधा ६०६१ची होती, सायकलींत नेहमी वापरतात ती. तो मिश्रधातू चांगला वेल्ड होतो, चिरत नाही. मुरवलेल्या स्थितीत त्याची ताणशक्ती ३१० मेगापास्कलच्या आसपास असते. वेल्ड केल्यावर जोडाच्या पट्ट्यात ती दोनशेच्या खाली येते. कारण बीडच्या शेजारचा धातू वितळत नसला तरी इतका तापतो, की नेमक्या आकाराचे ते कण विरघळतात किंवा जाडजूड होऊन निकामी होतात. लोणचं पुन्हा कच्चं होतं, किंवा नासतं. धातूचं हे शेजारपण वरून अजिबात वेगळं दिसत नाही. तोच रंग, तीच जाडी, वर तोच पेंट.

सायकलच्या कारखान्यात फ्रेम वेल्ड झाल्यावर अख्खी भट्टीत घालतात आणि पुन्हा मुरवतात. मामांकडे भट्टी नव्हती. बीडच्या जागी मात्र भरीचा जादा धातू होता, तिथे जाडी वाढली होती. घाटात जोर आला तेव्हा तो सरळ सगळ्यात कमकुवत जागी गेला. म्हणजे अंगठ्याएवढ्या अंतरावर.

हे कोडमध्ये आम्ही रोज बघतो. पॅच लावलेली ओळ नीट चालते, शेजारचं मॉड्यूल पडतं, आणि ठपका येतो पॅच लावणाऱ्यावर.

टाकी, जी वेल्ड करावीच लागते

विमान रिव्हेटवर चालतं, रॉकेटची इंधनाची टाकी चालत नाही. लाखो भोकं पाडून द्रव ऑक्सिजन कसा कोंडणार? म्हणून चंद्राच्या शर्यतीत या धातूशी समोरासमोर भिडावंच लागलं.

सॅटर्न ५ रॉकेटचा पहिला टप्पा दहा मीटर व्यासाचा होता. त्याच्या टाक्यांसाठी २२१९ हा मिश्रधातू निवडला गेला. यात तांबं सहा टक्क्यांहून जास्त. ऐकायला उलटं वाटतं, पण तांबं इतकं वाढवलं की गोठताना फटी भरायला पाक मुबलक उरतो आणि चिरा पडण्याचं प्रमाण घटतं. बळ ७०७५पेक्षा कमी, पण वेल्डिंगला समजूतदार. दुसऱ्या टप्प्यासाठी नॉर्थ अमेरिकन कंपनीने २०१४ हा जास्त कडक पण वेल्डिंगला जास्त हट्टी मिश्रधातू घेतला. तिथले वेल्ड त्या टप्प्याच्या मोठ्या डोकेदुखींपैकी एक ठरले. अपोलो मोहिमेच्या वेळापत्रकात हा टप्पा सतत मागे राहिला. त्यावर १९६५च्या अखेरीस नासाचे सॅम्युएल फिलिप्स यांनी कंपनीची कडक झाडाझडती घेतली.

आपल्याकडची गोष्ट १९ ऑगस्ट २०१३ची. मी अकरावीत होतो. श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही-डी५ निघणार होतं, भारतीय बनावटीचं क्रायोजेनिक इंजिन घेऊन. त्याआधी २०१०मध्ये अशा इंजिनाचं पहिलं उड्डाण फसलं होतं, त्यामुळे सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. उड्डाणाला ७४ मिनिटं उरली असताना उलटी मोजणी थांबवली. दुसऱ्या टप्प्याच्या टाकीतून इंधन गळत होतं.

ती टाकी होती ७०२० या मिश्रधातूची. ॲफनॉर ७०२०, म्हणजे फ्रेंच मानकांनुसार. विकास इंजिनाचं मूळ फ्रेंच व्हायकिंग इंजिनात आहे, त्याच काळाची ही खूण. ७०२०मध्ये जस्त आणि मॅग्नेशियम आहे, तांबं जवळजवळ नाही. त्यामुळे तो ७०७५सारखा वेल्डिंगमध्ये चिरत नाही. वर आणखी एक गुण, वेल्ड झाल्यावर तो साध्या हवेतच पुन्हा मुरतो आणि गेलेलं बरंचसं बळ परत मिळवतो. माझ्या सायकलला अशी सोय असती तर!

पण त्याची खोड दुसरीच. धातूवर सतत ताण असेल आणि हवेत ओलावा असेल, तर त्याच्या कणांच्या सीमांवरून चीर हळूहळू सरकत राहते. महिने जातात, वर्षं जातात, वरून काही दिसत नाही. श्रीहरिकोटा हे समुद्र आणि पुलिकत सरोवर यांच्या मधलं बेट आहे. इस्रोने तो टप्पा बदलला, नव्या टप्प्याची टाकी २२१९ची घेतली. ५ जानेवारी २०१४ला जीएसएलव्ही-डी५ उडालं आणि यशस्वी झालं.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४०मध्ये बंगळुरात सुरू केलेली हिंदुस्थान एअरक्राफ्ट म्हणजे आजची एचएएल. इस्रोच्या रॉकेटांच्या टाक्या तिथे बनतात. विकास इंजिनं बनतात विक्रोळीच्या गोदरेजमध्ये. उड्डाण यशस्वी झालं की टीव्हीवर शास्त्रज्ञ दिसतात, दिसायलाच हवेत. पण त्या टाकीवर ज्यांच्या बीड आहेत, ते लोक त्या वेळी श्वास रोखून कुठे बसलेले असतात, हा प्रश्न मला आता पडतो. अकरावीत पडला नव्हता.

वितळवूच नका

१९९१च्या डिसेंबरात केंब्रिजजवळच्या द वेल्डिंग इन्स्टिट्यूटने एका पेटंटसाठी अर्ज केला. वेन थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांची कल्पना इतकी साधी होती की आधी कोणाला कशी सुचली नाही याचं नवल वाटावं. सगळे त्रास धातू वितळल्यामुळे होतात ना? मग वितळवू नका. दोन पत्रे शेजारी घट्ट आवळा. त्यांच्या फटीत एक कडक, वेगाने फिरणारी खुंटी दाबा आणि पुढे सरकवत न्या. घर्षणाने धातू मऊ होतो, वितळत नाही, आणि कणीक मळल्यासारखा एकमेकांत मळला जातो. वितळलंच नाही तर हायड्रोजनचे बुडबुडे नाहीत आणि गोठतानाच्या चिरा नाहीत. शेजार इथेही तापतो, पण कमी.

हे फ्रिक्शन स्टर वेल्डिंग. १९९९मध्ये असे जोड असलेलं डेल्टा २ रॉकेट उडालं. एक्लिप्स ५०० या छोट्या जेट विमानाने बहुतेक रिव्हेटना रजा दिली, मात्र ती कंपनी २००८मध्ये दिवाळखोरीत गेली. २०१२च्या आयमॅकची पातळ कड याच पद्धतीने जोडली होती. आणि न्यू ऑर्लिन्समधल्या ज्या मिशू कारखान्यात सॅटर्नचा पहिला टप्पा बनला, तिथेच एसएलएस रॉकेटच्या टाक्या बनतात. मिश्रधातू तोच २२१९, फक्त आता धातू मळून जोडतात. ते रॉकेट नोव्हेंबर २०२२मध्ये चंद्राकडे गेलं.

पण या पद्धतीला टनावारी दाब लागतो, अवजड मशीन लागतं, खालून भक्कम आधार लागतो. चिरलेली नळी खांद्यावर टाकून भोसरीला येणाऱ्या भाच्याला तिचा उपयोग नाही.

त्याच्या कामाची बातमी कदाचित दुसरीकडून आली. २०१९च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या श्याओचुन ली यांच्या गटाने ७०७५ला साध्या आर्क वेल्डिंगने जोडून दाखवलं. मशीन नेहमीचंच, बदलला तो फक्त फिलर रॉड. त्यात टायटॅनियम कार्बाइडचे नॅनोकण घातले होते. गोठताना धातूचे कण लांबच लांब फांद्यांसारखे न वाढता गोल आणि बारीक राहिले, पाक सगळीकडे पोचला आणि चीर पडली नाही. जोडाची ताणशक्ती ३९२ मेगापास्कलपर्यंत गेली, आणि पुन्हा मुरवल्यावर ५५१. सत्तर-पंचाहत्तर वर्षं ज्याच्यापुढे 'अयोग्य' लिहिलं होतं त्याची ही गोष्ट.

आकड्यांतला फरक बघा. चीर टळली ती रॉडमुळे, पण पूर्ण बळ परत यायला मुरवणं लागलंच. शेजार तिथेही आहे.

ती बातमी आली तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होतो आणि कॅम्पस इंटरव्ह्यूसाठी जावा शिकत होतो. मी ती वाचलीसुद्धा नाही.

सहापैकी पाच

मामांनी दोन वर्षांपूर्वी शेड बंद केली. डोळे दमले. मागच्या दिवाळीत त्यांच्याकडे गेलो तेव्हा मी हे सगळं त्यांना सांगितलं. विल्मचा सोमवार, खुंट्या, भट्टी, शेजार. वेल्डिंग तुमचं सुटलं नव्हतं, हेही सांगितलं, सात वर्षं उशिरा.

ते उठले आणि माळ्यावरच्या खोक्यातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. माझ्या फ्रेमचा तो तुकडा. त्यांनी बीड मधोमध कापून, पॉलिश करून बघितली होती. एकही भोक नव्हतं, चीर नव्हती.

"जोड चांगला होता हे मला माहीत होतं," ते म्हणाले. "मग तुटलं का, ते कळत नव्हतं. तेव्हापासून ॲल्युमिनियमची सायकल घेतली नाही हातात. कोणी आणली तरी परत पाठवली. पोराच्या जिवाशी खेळ नको."

मी म्हटलं, "मामा, हे आम्हाला शिकवलं होतं. त्याच सेमिस्टरला. हीट अफेक्टेड झोन. पेपरात प्रश्नसुद्धा आला होता."

"लिहिलास?"

"लिहिला ना. आकृतीसकट."

"किती मिळाले?"

"सहापैकी पाच."

मामांनी तो तुकडा माझ्या हातात दिला, बीडवर नाही, तिच्या शेजारी बोट ठेवून दाखवलं आणि म्हणाले, "मग हा एक मार्क माझ्याकडे राहिला होता."